देवीची पानं

केळवे, १६ जून २०२४

मेघाली,

तुला फोन लावला की एकदाच वाजतो आणि गप्प होतो. म्हणजे माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, एवढं या अडाणी नणंदेलाही कळतं. दिपेशला लावला तर तो म्हणतो, 'ताई, सध्या नको.' तुझ्या भावाचं हे 'सध्या' दोन वर्षं चाललं आहे. म्हणून शेवटी पत्र. पोस्टातल्या मुलीने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, आणि माझ्याकडेही तसंच पाहिलं.

मागच्या महिन्यात वसईला आले तेव्हा दिपेशने मला ओट्यावर बसवून चहा दिला आणि कप खाली ठेवायच्या आत रिक्षा बोलावली. चहा चांगला होता. आलं जरा जास्त होतं. तू आतल्या खोलीत होतीस हे मला ठाऊक होतं, कारण भाविकाला 'आवाज करू नकोस' म्हणालीस ते बाहेर ऐकू आलं. मी हाक मारली नाही.

माझं म्हणणं सांगते, मग वाटलं तर पत्र फाडून टाक. ललित आता बरा आहे. तू भाविकाला घेऊन घरी यावंस असं मला वाटतं. कायमची नको म्हणालीस तर नको, दोन दिवस ये. ये आणि डोळ्यांनी बघ.

समुद्राचं काय म्हणशील ते मला माहीत आहे. ललित स्वतःच्या लेकीला शाळेतून घेऊन गेला आणि तिला पळवायला माणसं आली आहेत म्हणून खांद्यावर घेऊन पाण्यात उतरला, हे काही मी नाकारत नाही. तू म्हणतेस पाणी गळ्यापर्यंत होतं. महादू, ज्याने होडी घालून दोघांना बाहेर काढलं, तो म्हणतो छातीपर्यंत. आपण कमरेपर्यंत म्हणूया आणि तो विषय बाजूला ठेवूया. तेव्हा तो कंपनीतल्या रात्रपाळ्या करून करून आधीच पोखरलेला होता आणि आपण सगळे त्याला 'झोप काढ म्हणजे बरं वाटेल' सांगत होतो. तो आजार होता, ललित नव्हता.

आता बोईसरला 'सोबत' नावाचं केंद्र आहे, तिथे तो जातो. एका कंपनीच्या देणगीवर चालतं. बाजाराच्या मागे पत्र्याचा हॉल, त्यात अशी वीसेक माणसं बसतात, कागदी पिशव्या करतात, पापड लाटतात, भांडतात, चहा पितात. महिन्यातून एकदा मुंबईचे डॉक्टर येतात. रुचिता म्हणून कार्यकर्ती आहे, ती घरी येऊन गोळ्या बघते, आणि मी काय स्वयंपाक केला तेही बघते. मंगळवारी घरच्यांची बैठक असते. मी पहिल्यांदा म्हटलं होतं, रडायला बोईसरपर्यंत कशाला जायचं, घरात काय जागा कमी आहे? आता एक मंगळवार चुकला तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांची जेवणं करून जो वैताग येतो तोही तिथेच काढते.

तिथे दांडी गावचा पुंडलिक आहे. मासेमारी करायचा. दहा वर्षं आजारी होता, आता नव्या माणसांना तोच धीर देतो. ललितने त्याला विचारलं, तुला आवाज येतात का अजून? तर म्हणाला, "येतात ना. मी त्यांना सांगतो, जरा थांबा रं, जाळं विणतो हाय." ललित हसला. मेघाली, तो हसला. मी शेजारीच होते.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण पत्र वाच.

शालूताई

केळवे, २८ जुलै २०२४

मेघाली,

उत्तर आलं नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे घेतलंस. तेवढ्यावर मी पुढचं लिहिते.

ललितला काम लागलं. कुठे, ते ऐक. भगवंतकाकांच्या पानवेलीच्या वाडीत.

तू या घरात सून म्हणून आलीस तेव्हा काकांनी तुला वाडी दाखवली होती आणि तू चपला घालूनच आत पाऊल टाकलं होतंस, आठवतं? त्यांनी चार दिवस आपल्याशी अबोला धरला होता. पानवेल म्हणजे त्यांच्या घरात देवीच. आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही, चपला बाहेर, वाईट तोंडात आणायचं नाही, परक्या माणसाला तर दारातच थांबवतात. अशा माणसाने ललितला आत घेतलं. रुचिता त्यांच्याकडे तीनदा जाऊन बसली. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "पोरी, तू काय ऐकाची नाय. धाड त्याला. पण वेलीला तरास झाला त मी तुला धरीन."

वेलीला त्रास झाला नाही. तो केळीच्या वाळलेल्या सालीच्या सोपाने वेल बांधतो, पाणी सोडतो, जून पानं खुडतो. संध्याकाळी येतो तेव्हा त्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास असतो आणि जेवताना तो बोलतो. आज कुठली वेल वर चढली, कुठल्या पानाला डाग पडला. मी मुद्दाम दोनदा विचारते, म्हणजे दोनदा सांगतो. वाटेत लोक त्याला पानांचा भाव विचारतात. पूर्वी त्याला बघून मुलांना घरात घ्यायचे, तेच लोक.

एक आहे, गोळ्यांनी हात थरथरतात. पान फाटतं कधीकधी. काका फाटकं पान बाजूला ठेवतात, तेवढंही ललितला लागतं. रुचिताला विचारलं तेव्हा ती म्हणाली, डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेऊ. केंद्राला सध्या जरा सुट्टी आहे, ती संपली की बघू.

भाविकाचे दात पडले का? ललित विचारत होता. मी म्हटलं, पडले असतील, त्या वयाला पडतातच.

शालूताई

केळवे, १३ सप्टेंबर २०२४

मेघाली,

काल गौरी-गणपती गेले. ललितने आरतीला झांज वाजवली. चुकीची वाजवली, पण ती तो लहानपणापासून चुकीचीच वाजवतो, त्यात आजाराचा काही संबंध नाही.

बोईसरच्या तुझ्या मावसबहिणीकडून तुला कळलंच असेल, म्हणून मीच सांगते. केंद्राला सुट्टी नव्हती, ते बंद झालं. कंपनीची देणगी थांबली. हॉलला कुलूप आहे आणि आत पिशव्यांचे कागद तसेच पडले आहेत, खिडकीतून दिसतात. रुचिताला नाशिकला दुसऱ्या संस्थेत नोकरी मिळाली. जाताना सगळ्यांना स्वतःचा नंबर देऊन गेली, कधीही करा म्हणाली. पण तिथेही तिची माणसं असणारच, उगाच आपण काय फोन करायचा. मंगळवारी आम्ही चौघीपाचजणी पुंडलिकच्या दारात जमलो होतो. त्याच्या बायकोने चहा केला. पुढच्या मंगळवारी दोघीच आलो. मग पुंडलिकच आजारी पडला, त्याला त्याच्या भावाने सुरतेला नेलं.

गोळ्या पालघरच्या सरकारी दवाखान्यात मिळतात. मी आणते, तो घेतो. तू काळजी करू नकोस. करत असशील तर.

ललित रोज विचारतो, "मेघाली काय म्हणाली?" मी म्हणते, विचार करते म्हणाली. त्याला ते पुरतं. जेवून उठतो आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारतो. मला खोटं बोलायचा कंटाळा नाही, पण एकच खोटं रोज बोलायचा आला आहे. निदान खरोखर विचार तरी कर, म्हणजे माझं अर्धं तरी खरं होईल.

दिवाळीला ये, मेघाली. पाडव्याला ये. तुझ्यासाठी वेगळी खोली करते, दाराला आतून कडी आहे. मी दारात झोपेन. भाविकाला त्याच्याबरोबर एकटं सोडायचं नाही, हे मी त्यालाही सांगितलं आहे. तो म्हणाला, "बरोबर हाय." लगेच म्हणाला.

मी स्वतःसाठी म्हणून पण सांगते, मला आता एकटीला हे ओढवत नाही.

शालूताई

केळवे, ७ ऑक्टोबर २०२४

मेघाली,

आज चांगली बातमी आहे, म्हणून पहाटेच बसले लिहायला.

नवरात्रात देवळात रोज सकाळी देवीला पानांची माळ जाते, ती भगवंतकाकांच्या वाडीतून. त्यांच्या घरची रीत अशी की माळेची पानं जो खुडतो त्याने नऊ दिवस उपास धरायचा. फळं आणि दूध. शिजलेलं नाही, बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. आजवर घरातल्या माणसाशिवाय कुणी ती पानं खुडली नाहीत. काकांचा मुलगा यंदा गुडघा धरून बसला आहे, सुनेला लहान मूल आहे. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी काका आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "शालू, यंदा ललितनं खुडली त चालंल काय?"

मी आत जाऊन साखर आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

आज पाचवी माळ. तो पहाटे विहिरीवर आंघोळ करतो, ओलेत्यानेच वाडीत जातो, आणि परडी घेऊन गावातून देवळापर्यंत चालत जातो. लोक बाजूला होतात. पूर्वीही व्हायचे, पण आता हात जोडतात. काल पुजाऱ्याने त्याला नावाने हाक मारली. दोन वर्षं या गावात त्याला 'तो शालूचा भाऊ' म्हणत होते.

आणि हात थरथरायचे थांबले आहेत. एक पान फाटत नाही. गोळ्या त्याने या नऊ दिवसांपुरत्या बाजूला ठेवल्या आहेत. मी म्हटलं, अरे, घे की दुधाबरोबर. तर म्हणाला, "ताई, गोळी म्हंजे बाहेरचंच ना? देवीची पानां खुडाची त हात सोवळा पायजे." काकांनाही तसंच वाटतं. दसऱ्याला उपास सुटला की लगेच सुरू करणार आहे, माझ्यादेखत कबूल केलंय. आणि खरं सांगू का, इतका ताजातवाना तो मला कित्येक वर्षांत दिसलेला नाही. चेहऱ्यावरचा तो जडपणा गेला. झोप कमी लागते, पण उपासात ती लागत नाहीच कुणाला. रात्री वाडीची राखण करतो म्हणतो. बोलतो किती. भाविकासाठी देवीकडे काही मागितलंय म्हणाला, काय ते सांगत नाही.

तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखव. त्या बाईला देवाधर्माचं कळतं. वेड लागलेल्या माणसाच्या हातून देवी नऊ माळा घेते का, विचार त्यांना.

पाडव्याला ये.

शालूताई

केळवे, १४ ऑक्टोबर २०२४

मेघाली,

दसरा झाला. तुम्हा सगळ्यांना सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.

ललितला जरा थकवा आहे. उपासाचा असेल. भगवंतकाकांकडे सध्या जाणं होत नाही. मीही पाहुण्यांची जेवणं या आठवड्यात घेतली नाहीत.

दिवाळीचं मी मागे लिहिलं होतं, पण गाड्यांना तेव्हा किती गर्दी असते तुला माहीतच आहे. भाविकाला घेऊन हाल होतील. घाई करू नका. मी पुन्हा लिहीन, तोवर काही ठरवू नका.

शालूताई

केळवे, २१ ऑक्टोबर २०२४

मेघाली,

तुझं पत्र आलं. माझ्या पाच पत्रांना तुझं हे पहिलं उत्तर, आणि ते नेमकं आता यावं.

तू लिहिलं आहेस, आई म्हणाली, देवीचे नऊ दिवस जो असे निभावतो त्याचं डोकं ठिकाणावर आलं समज. तू लिहिलं आहेस की पाडव्याला सकाळी येतो, मी आणि भाविका, आणि बाबांना ओवाळायला ताट कुठलं घ्यायचं हे भाविका विचारते. उत्तराची वाट बघू नको, आम्ही निघतो, असंही लिहिलं आहेस. चौदा तारखेचं माझं पत्र तुला मिळण्याआधीच तू हे टाकलं असणार. म्हणून हे पत्र मी कुरियरने पाठवते आहे आणि दिपेशलाही फोन करून सांगणार आहे. आता खरं काय झालं ते ऐक.

आठव्या माळेपासून तो झोपलाच नव्हता. मला वाटलं, राखण करतो आहे. दसऱ्याच्या सकाळी काकांची सून वाडीत गेली आणि तशीच पळत बाहेर आली. वाडीत पान उरलं नव्हतं. एकही नाही. जून पानं, कोवळी पानं, शेंडे, सगळं. नुसत्या वेली उभ्या होत्या, बांधलेल्या. त्याने दोन दिवस, दोन रात्री खुडून सगळी पानं परड्यांत, गोणपाटात, माझ्या जुन्या लुगड्यांत बांधून देवळाच्या पायऱ्यांवर नेऊन रचली होती आणि त्यांच्यापुढे बसला होता. बोटं सोलवटून रक्त आलेलं. मला बघून तो इतका खूश झाला, मेघाली. म्हणाला, "देवीनं सगळीच मागितली, ताई. एक जरी ठेवलं असतं त तिनं भाविकाला नेलं असतं."

लोक पानं उचलायला लागले तेव्हा तो त्यांच्या अंगावर गेला. पुजाऱ्याचं डोकं फुटलं, टाके पडले. चौघांनी त्याला धरला आणि काकांच्या मुलाने, दुखऱ्या गुडघ्याने, त्याचे हात बांधले. पानाच्या वेली बांधतात त्याच सोपाने. दुसरं काही हाताशी नव्हतं.

काका वाडीच्या दाराशी चपला काढून उभे राहिले होते. आत गेलेच नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला मी काय बोलत नाय, शालू. पण आता परत धाडू नको." उघड्या पडलेल्या वेली या उन्हात वाळताहेत. शेंडाच गेल्यावर फुटवा कुठून येणार? गावात म्हणतात, काकांनी वेड्याला देवीजवळ नेलं म्हणून झालं. काकाही आता तसंच म्हणत असतील. त्या वाडीत परत कुणी अशा माणसाला घेणार नाही, आणि या गावात दुसरीकडेही नाही.

पालघरला नेलं, इंजेक्शनं दिली. दोन दिवस ठेवून घरी पाठवलं, खाटा कमी आहेत. ठाण्याच्या मनोरुग्णालयात नाव घातलं आहे. मी नाशिकला रुचिताला फोन केला. तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "ताई, गोळ्या नऊ दिवस बंद होत्या? मला एक फोन करायचा ना." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने डॉक्टरांचा नंबर दिला, औषधाचं समजावलं, आणि शेवटी म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. मी विचारलं, कुठे? हॉलमध्ये आता बांधकामाचे मजूर राहतात.

आता तो बहुतेक वेळ झोपतो. उठला की भिंतीकडे तोंड करून बसतो. हात पुन्हा थरथरतात, पहिल्यापेक्षा जास्त. पेला मी धरते.

आज दुपारी तुझं पत्र मी त्याच्या खाटेशेजारी बसून वाचत होते. तो झोपला आहे असं वाटलं होतं.

"मेघालीचं हाय?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"काय म्हणते?"

रोजचं खोटं तोंडाशी आलं होतं. पण पत्र हातात होतं, म्हणून खरं सांगितलं. पाडव्याला येते म्हणते. भाविकाला घेऊन.

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा डोळा लागला. मग म्हणाला, "नको बोलवू, ताई. पोर भिंयेल. मला पण माझा भरवसा नाय."

मी म्हटलं, अरे, दोन वर्षं तू त्याचीच वाट बघतोस.

"म्हनूनच सांगतो," तो म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

आजारी पडल्यापासून इतकं धड वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. रुचिता आम्हाला मंगळवारी सांगायची, माणसाला आपलं आपल्याला कळायला लागलं की तो बरा व्हायला लागला असं समजा. तेव्हा तुला कळवते, ललित बरा व्हायला लागला आहे. येऊ नकोस.

शालूताई